मुहूर्त चुकवणारी कॅप्टन

प्रिय पेई-शान,

या पत्राबरोबर काळ्या गुळाच्या केकचा डबा पाठवते आहे. आधी तो उघड, एक तुकडा तोंडात टाक आणि मग वाचायला बस, कारण पत्र लांबणार आहे. फोनवर मी बोलायला लागले की तू ‘हो आई, बरं आई, कळलं आई’ करत मला गुंडाळून ठेवतेस. कागदाला तसं करता येत नाही. शिवाय शनिवारी विमानात काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आणि त्यातले निम्मे तुकडे तुझ्या मामांनी पुरवलेत, म्हणजे त्यांची किंमत तूच ठरव. मी खिडकीशी बसले होते, पूर्ण शुद्धीत होते. माझ्याकडून ऐक.

तुझा साखरपुडा आपल्या घरी व्हायला हवा होता, हे मी शेवटचं लिहिते. मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी यायचं, ही रीत माझ्या आजीच्याही आधीची. पण तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना आपल्या बेटावरचा वारा सोसत नाही, तैपेईच्या हॉटेलात त्यांच्या ओळखीने हॉल मिळत होता, आणि सगळं ‘तुमच्याच सोयीसाठी हो’ चाललं होतं. मी मुकाट्याने गिळलं. मुहूर्तसुद्धा त्यांच्याच ज्योतिषाचा: शनिवारी दुपारी, जेवणाच्या आधी. तो टळला तर तुम्हा दोघांच्या जन्मवेळांना जुळेल असा दिवस पुढच्या वर्षापर्यंत नाही, असं विहीणबाईंनी मला फोनवर दोनदा बजावलं होतं. आणि मेणबत्त्या पेटवायला मुलीचा मामा हवा, त्याच्याशिवाय अंगठीला कुणी हात लावायचा नाही. हे कळल्यापासून आमच्या दादाचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने नवा सूट शिवला, केस काळे केले आणि आपल्या केकच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर काडी ओढायचा सराव केला.

आम्हाला घेऊन येणार होती तुझी ताई. वान-जूने ती फेरी मुद्दाम मागून घेतली होती. तिला खांद्यावर चौथी पट्टी लागून फार दिवस झालेले नाहीत हे तुला ठाऊकच आहे, पण ती कॅप्टन झाल्यापासून मी तिच्या विमानात बसले नव्हते हे तुझ्या लक्षात आलं नसेल. दुकान सोडवत नव्हतं, हे एक. दुसरं असं की मला धास्ती वाटायची. विमानाची नव्हे. आपली पोर इतक्या माणसांचा जीव हातात घेऊन बसलीय, हे डोळ्यांनी बघायची धास्ती. तुझ्या साखरपुड्याच्या निमित्ताने तीही मोडली. शुक्रवारी बाजारात असं एक दुकान नव्हतं जिथे मी सांगितलं नाही की उद्या थोरली आम्हाला धाकटीकडे घेऊन जातेय.

आता मामांचा पराक्रम. तो त्यांनी तुला सांगितलेला नसणार.

विमानाच्या शिडीखाली उभं राहून दादाने वर बघितलं. वान-जू काचेआड दिसत होती, कानांवर ते यंत्र चढवून कामात होती. दादाने छाती फुगवली, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, “शुन-फंग, पोरी, शुन-फंग! वारा पाठीशी राहो!” जन्मभर बोट हाकलेला माणूस, त्याच्या जिभेवर दुसरा आशीर्वाद येणार कुठून? पण पोरी, विमानाला वारा समोरून लागतो, मागून नव्हे, हे वान-जूने शिकायला लागल्याच्या पहिल्याच सुट्टीत आपल्या सगळ्यांना जेवताना सांगितलं होतं. वैमानिकाला ‘सुखरूप जा’ म्हणायचं, ‘वारा पाठीशी राहो’ कधीही म्हणायचं नाही. आता बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. सगळी रांग वळून बघायला लागली. आमच्या मागे लिन आजी होत्या, त्याच त्या सुकी मासळी विकणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही बोटीत बसताय की विमानात, आधी ठरवा.” दादा कानापर्यंत लाल झाला. मेणबत्त्यांची पेटी छातीशी धरून तो आत शिरला आणि ती वर ठेवायला सांगणाऱ्या होस्टेसला त्याने सरळ नाही म्हटलं. नवरीच्या मेणबत्त्या डोक्यावरच्या फळीवर ठेवतात का, म्हणे.

विमान उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं. वारा असा होता की उभं विमानही हलत होतं. मग दोन्ही पंखे गरजायला लागले आणि आम्ही निघालो. मी उजव्या बाजूला होते, तो उजवा पंखा माझ्या डोळ्यांसमोर होता. खरं सांगते, मला काहीही वेगळं दिसलं नाही. ना धूर, ना ठिणगी, ना आवाज. गवत मागे पळत होतं, कुंपण पळत होतं, पाठ खुर्चीत रुतली होती, आणि मी मनात म्हणत होते की हिला लहानपणी सायकलवरून पडू नये म्हणून मी मागून धरायचे, आज ही मला घेऊन चाललीय. डोळे भरले होते माझे. आता जमीन सुटणार, आता सुटणार, असं वाटत असताना एकदम सगळंच उलट झालं. पाठीवरचा जोर छातीवर आला. पट्टा पोटात घुसला. चाकं किंचाळत होती. दादाच्या हातातली पेटी सुटली, उघडली, आणि तुझ्या साखरपुड्याच्या दोन्ही लाल मेणबत्त्या, एकीवर ड्रॅगन, दुसरीवर फिनिक्स, गडगडत पार कॉकपिटच्या दारापर्यंत गेल्या.

विमान थांबलं. एक बाळ तेवढं रडत होतं.

आणि मग तिचा आवाज आला. आधी नेहमीच्या सरकारी भाषेत, सगळ्यांनी जागेवर बसून राहावं वगैरे. आणि त्यानंतर आपल्या घरच्या बोलीत, जी ती विमानात कधीच बोलत नाही: “आज्या-आजोबांनो, घाबरू नका. विमान जमिनीवरच आहे. मी थांबवलंय.” ऐकलंस? विमान थांबलं, बिघाडामुळे थांबवावं लागलं, असलं काही नाही. मी थांबवलंय. आवाजात कापरेपणा नव्हता. दुकानातून मी ‘गूळ संपलाय’ सांगते, तितकं सरळ. मला तिथेच उठून नाचावंसं वाटत होतं.

अग्निशामक गाड्या आल्या, विमानाभोवती फिरल्या, तापलेली चाकं निवली, आम्हाला उतरवून परत आत नेलं. आणि तिथे कुरकुर सुरू झाली. कारण काही झालंच नव्हतं ना. आग दिसली असती तर सगळ्यांनी माजू देवीचे आभार मानले असते. काहीच न दिसल्यावर लोकांना आपापली कामं आठवली. एकाची मीटिंग, एकाचा डॉक्टर, आमचा मुहूर्त. दुपारच्या विमानांत जागा नव्हती, आणि वारा इतका चढत होता की ती विमानं तरी उडतील का याचीच शंका होती. कुणी म्हणालं बाई नवीन आहे, कुणी म्हणालं वाऱ्याला भ्याली. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? आपल्या दादाचा. “पोरगी घाबरली. थोडी कळ काढली असती तर आत्तापर्यंत आपण हवेत असतो, आणि दुपारी मेणबत्त्या पेटल्या असत्या.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्ची बदलून बसला.

थोड्या वेळाने ती आली. टोपी काखेत, चेहरा कोरा. प्रत्येक रांगेसमोर वाकून तिने माफी मागितली, तुमचा वेळ गेला म्हणून. थांबवल्याची माफी मात्र मागितली नाही, हे मी नीट ऐकलं. आमच्यासमोर आली तेव्हा दादाने सगळ्यांसमोर तिला विचारलं, अगं, झालं काय होतं? ती म्हणाली की समोरच्या पडद्यावर उजव्या इंजिनाचा आकडा चढता चढता एकदा डगमगला. एकदाच. दादा म्हणाला, माझ्या बोटीचं इंजिन तर दिवसातून दहा वेळा डगमगायचं. मग तिने त्याला आवाज न चढवता असं समजावून सांगितलं की आजूबाजूचे लोकही खुर्च्या ओढून ऐकायला लागले. म्हणाली, विमान धावताना एक वेग ठरवलेला असतो. तो ओलांडला की काहीही झालं तरी उडायचंच, थांबायला धावपट्टी उरत नाही. त्याच्या आत असेपर्यंत थांबता येतं. तोवर माझा हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरून हलत नाही, आणि थांबायचं की नाही हे फक्त मी ठरवते. “आणि मामा, तिथे विचार करायला वेळ नसतो. विचार आधीच करून ठेवायचा असतो. काय दिसलं तर थांबायचं, हे मी निघायच्या आधी सोबतच्या वैमानिकाला मोठ्याने सांगितलेलं असतं. मग ते दिसलं की थांबायचं. लोक काय म्हणतील, कुणाला कुठे पोचायचंय, हे त्या यादीत नसतं.”

दादाला ते पटलं नव्हतं. तेवढ्यात तिला बोलावणं आलं. ती परत आली ती विमानदुरुस्तीच्या प्रमुखाला बरोबर घेऊनच. त्या माणसाने सगळ्यांना सांगितलं की उजव्या इंजिनाच्या आत एक पातं तुटलंय आणि तेलात धातूचा चुरा आलाय. ते विमान आज कुठेही जाणार नाही, आणि वर गेलं असतं तर ते इंजिन समुद्रावर बंद पडलं असतं. मग लिन आजी उठल्या, तिच्यासमोर गेल्या आणि कमरेत वाकल्या. त्यांच्या पाठोपाठ तो मीटिंगवाला. मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले. वान-जूला कुठे बघावं कळेना, ती आपल्या टोपीकडे बघत राहिली. मी मात्र सगळीकडे बघत होते. एकेकाच्या चेहऱ्याकडे. विहीणबाईंच्या नातलगांसाठी नेलेले केकचे डबे मी तिथल्या तिथे फोडले आणि विमानतळावरच्या प्रत्येकाला तुकडा दिला, सफाईवाल्या बायकांना दिला, सामान तपासणाऱ्या त्या खडूस पोलिसालाही दिला. आणि प्रत्येकाला सांगितलं, माझी मुलगी. कॅप्टन माझी मुलगी.

दादा कोपऱ्यात बसून होता. मला वाटलं पोरीवर राग धरून बसलाय. जवळ गेले तर म्हणतो, “आ-ग्वान, ते पातं मी तोडलं का गं? मी शुन-फंग म्हटलं म्हणून?” म्हणजे इतका वेळ चाललेला तो आरडाओरडा भीतीपोटी होता. घरी परतताना तो सरळ माजूच्या देवळात गेला आणि त्याने कौल लावला, पातं माझ्या बोलण्याने तुटलं का. कौलाच्या दोन्ही लाकडी फाका सपाट बाजू वर करून पडल्या. देवी हसली, असा त्याचा अर्थ. त्याने पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा टाकायला गेला तर पुजाऱ्याने फाका काढून घेतल्या आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं. आता तो साऱ्या बंदरावर सांगत फिरतोय की भाचीला इंजिनाचा कान माझ्याकडून आलाय.

पण मला तुला खास सांगायचंय ते ह्याच्या पुढचं. सगळे पांगल्यावर वान-जू माझ्याजवळ येऊन बसली, बूट काढून, लहानपणी बसायची तशी. मी म्हटलं, बघ, पातं सापडलं, नाहीतर लोकांनी तुझं जगणं नकोसं केलं असतं. ती म्हणाली, “काही सापडलं नसतं तरी मी थांबवलंच असतं, आई. आणि तेही बरोबरच असतं.” मला ते लगेच पटलं नाही. मी म्हटलं, मग दाखवलं काय असतंस लोकांना? ती म्हणाली, काहीच नाही. आकडा डगमगला एवढंच. थांबायला तेवढं पुरतं. तुटलेलं पातं हातात घेऊन दाखवायची वाट बघत बसले तर थांबायची वेळ निघून जाते. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना, की तुझ्या धाकट्या बहिणीचा मुहूर्त तुझ्या डोक्यात नाही का आला? ती थोडा वेळ पायांची बोटं चोळत होती. मग म्हणाली, “आला. पाय ब्रेकवर पडून झाल्यावर आला.”

विहीणबाईंचं तुला कळलंच असेल. हॉल रिकामा, पाहुणे ताटकळलेले, मामा नाही, मेणबत्त्या नाहीत. त्यांचं चिडणं मी समजू शकते, मीही चिडले असते. पण काल त्यांचा पुन्हा फोन आला. पुढच्या वर्षीपर्यंत नसलेला मुहूर्त आता पुढच्याच महिन्यात निघालाय. ज्योतिषाला नीट विचारलं की निघतो, असं दिसतं. आणि वर म्हणाल्या, या वेळी जरा दुसऱ्या कुणाच्या विमानाने या, अपशकून नको. मी म्हटलं, विहीणबाई, मी यापुढे विमानात बसेन तर तिच्याच, आणि तुम्हालाही तेच सुचवते. इतकं बरं मला गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. विमानतळावरून मी पहिला फोन विहीणबाईंना केला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तो तुला केला होता. तू विचारलंस, ताई बरी आहे ना? मी हो म्हटलं. मग तू विचारलंस, म्हणजे आज नाही होणार? मी म्हटलं, नाही गं, आज नाही. तू इतका वेळ गप्प होतीस की मला वाटलं रडतेस, मी समजूत घालायचे शब्द जुळवायला लागले. आणि तू म्हणालीस, “मग आई, मी जरा काहीतरी खाऊन घेते. दोन दिवस पोटात काही गेलंच नाही.” पेई-शान, वादळामुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली की तुझा आवाज असा यायचा. मुहूर्त टळलेल्या मुलीचा आवाज असा नसतो. तेव्हापासून तो माझ्या कानातून जात नाहीये. बो-युआनमध्ये खोट नाही, मला माहीत आहे. मी काढायचा प्रयत्न करून पाहिला. हसतमुख आहे, दातांचा दवाखाना नीट चालवतो, मला ‘आई’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो. म्हणूनच तू बोलत नसशील, लोकांना दाखवायला तुझ्याकडे तुटलेलं काहीच नाही. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि ओळखल्याचा आवही मी आणत नाही. त्याच्याशीच करायचं असेल तर पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या पुढे मी मिरवत येईन. पण करायचं नसेल तर कारण शोधत बसू नको. हॉल, निमंत्रणं, तुझ्या मामांचा सूट, विहीणबाईंचा आवाज, सगळं माझ्यावर टाक. मी जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळली आहेत. ठरवायचं मात्र तू, तिथे मी हात घालणार नाही. आणि थांबायचं ठरवलंस तर मी बाजारात मान ताठ करून सांगेन की माझ्या दोन्ही मुलींना थांबता येतं. रविवारी ताई तैपेईहून इकडे येणारं विमान आणतेय, तुझं तिकीट मी काढून ठेवलंय. ये. आधी पोटभर जेव, मग बोलू.

तुझीच, आणि कॅप्टनचीही,
आई